टिनटिन: चोवीस अल्बम, क्रमाने आणि बारकाईने

रेघोटी

टिनटिन या बेल्जियन चित्रकथेचे चोवीसही अल्बम क्रमाने घेऊन एकेकावर निवांत बोलायचं, असा हा धागा आहे. पण त्याआधी एक अट: आपल्या हातात कोणती आवृत्ती आहे ते माहीत करून घ्या, मगच लिहा. 'एर्जेने (म्हणजे टिनटिनच्या चित्रकार-लेखकाने) इथे असं का काढलं' यावरचे निम्मे वाद दोघांनी दोन वेगळ्या आवृत्त्या धरल्यामुळे होतात.

थोडक्यात मांडणी अशी. गोष्ट सुरू झाली १० जानेवारी १९२९ ला, ब्रसेल्सच्या 'ल प्ती व्हँतिएम' या मुलांच्या साप्ताहिक पुरवणीत. दर गुरुवारी दोन पानं, काळी-पांढरी. पानावर तीन पट्ट्या, पट्टीत साधारण दोन चौकटी. पुरवणीत आलेल्या मजकुराचे अल्बम झाले ते शंभर-सव्वाशे पानांचे. पहिले नऊ अल्बम असे काळे-पांढरे निघाले. युद्धात कागदाची चणचण झाली तेव्हा कास्टरमान या प्रकाशनाने ६२ रंगीत पानांचा साचा ठरवला. १९४२ चा 'द शूटिंग स्टार' हा त्या साच्यात थेट निघालेला पहिला अल्बम. जुन्या नवांपैकी आठ मग एकेक करून त्याच साच्यात बसवले. काही नुसते कापून चिकटवले, काही मुळापासून पुन्हा काढले. त्यातला शेवटचा 'सिगार्स ऑफ द फेरो', १९५५. 'लँड ऑफ द सोव्हिएट्स'ला मात्र एर्जेने हात लावला नाही. आज त्याची जी रंगीत प्रत दिसते ती २०१७ ची, एर्जे गेल्यानंतर चौतीस वर्षांनी रंगवलेली.

वाचताना याचा उपयोग काय? जुन्या पुरवणीतली दोन पानं म्हणजे सहा पट्ट्या, म्हणजे बारा-एक चौकटी. रंगीत अल्बमच्या एका पानावर चार पट्ट्या, चौकटी तितक्याच. म्हणजे जुन्या अल्बमांत रंगीत एक पान = एक आठवडा, असा ढोबळ हिशेब बसतो. पानाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात बघा: दार उघडतंय, कुणी मागून काठी उगारलीय, टिनटिनचा कुत्रा स्नोई कशावर तरी गुरगुरतोय. तो कोपरा वाचकाला पुढच्या गुरुवारपर्यंत अडकवून ठेवायला काढलेला आहे.

युद्धकाळात हे गणित बदललं. सप्टेंबर १९४१ पासून गोष्ट 'ल स्वार' या दैनिकात रोज एक पट्टी अशी येऊ लागली. त्यामुळे 'सीक्रेट ऑफ द युनिकॉर्न' आणि 'रेड रॅकहॅम्स ट्रेझर'मध्ये अडकवणारी चौकट पानाच्या नव्हे, पट्टीच्या शेवटी सापडते. २६ सप्टेंबर १९४६ ला 'टिनटिन' साप्ताहिक निघालं आणि पुन्हा पान हे माप आलं.

करायचं ते इतकंच: पेन्सिल घ्या (पेन नको, आणि प्रत उसनी असेल तर वेगळा कागद). प्रत्येक मापाच्या शेवटच्या चौकटीवर बारीक टिंब. त्याखाली एका शब्दात लिहा की तिथे काय उरलंय: धोका, प्रश्न, विनोद की नुसता आवाज. एका अल्बमची ६२ टिंबं झाली की त्या गोष्टीचा ताल कागदावर येतो. 'टिनटिनच्या डोक्यात सारखं कुणीतरी काहीतरी हाणतं' ही नेहमीची तक्रारही मग जरा सौम्य होते. दोन हाणामाऱ्यांमध्ये मूळ वाचकाचे तीन-चार आठवडे गेलेले असतात, आपण तेवढ्यात तीन पानं उलटतो.

बिनकामाचा_बोका

उत्तम धागा. पण पहिल्या दोनपासून सुरुवात कराल तर तिसऱ्या आठवड्यात इथे तुम्ही एकटेच उराल. 'सोव्हिएट्स' आणि 'काँगो' ऐतिहासिक कुतूहल म्हणून ठीक, गोष्ट म्हणून विस्कळीत. मी म्हणतो थेट पाचवा, 'द ब्लू लोटस'.

रेघोटी

निम्मं मान्य. नवीन वाचकांनी पाचव्यापासून घ्यावं, पण त्याच्या आधी चौथा हवाच, कारण 'सिगार्स'मधला अफूचा माग 'लोटस'मध्ये संपतो. दोन्ही मिळून एकच लांब गोष्ट आहे.

कात्रण

चौथ्यात एक गंमत आहे, ती आवृत्तीची अट का हवी ते नेमकं दाखवते. वाळवंटातला शेख टिनटिनला ओळखतो आणि आपण त्याच्या साहसांचे चाहते आहोत म्हणून पुस्तक दाखवतो. मूळ काळ्या-पांढऱ्यात ते पुस्तक आहे 'टिनटिन इन अमेरिका', म्हणजे आधीचा अल्बम, चोख. १९५५ च्या रंगीत आवृत्तीत त्याच्या हातात आहे 'डेस्टिनेशन मून', जो १९५३ चा, सोळावा अल्बम! चौथ्या गोष्टीतल्या शेखाने सोळावी गोष्ट वाचून ठेवलीय. हे न कळता 'एर्जेने काळाशी खेळ केला' वगैरे सिद्धांत मांडणारे बरेच दिसतात. झालंय एवढंच की पुन्हा काढताना पुस्तकाचं मुखपृष्ठ ताजं केलं.

असंच ॲलन या खलपात्राचं. हा गडी पहिल्यांदा येतो 'क्रॅब विथ द गोल्डन क्लॉज'मध्ये, १९४० साली. पण रंगीत 'सिगार्स'मध्ये तो आधीच हजर दिसतो. 'काँगो'च्या पहिल्या चौकटीत, स्टेशनवरच्या निरोपाच्या गर्दीत, थॉमसन आणि थॉम्पसन हे एकसारखे दिसणारे गुप्तहेर दिसतात तेही १९४६ च्या आवृत्तीत घुसवलेले. मूळ मालिकेत ते 'सिगार्स'मध्ये आले, तेही नावांशिवाय, नुसत्या एक्स-३३ आणि एक्स-३३-ए या क्रमांकांनी. तेव्हा 'अमुक पात्र पहिल्यांदा कुठे दिसतं' याचं उत्तर देताना मूळ मालिका की आजचा अल्बम, ते सांगितल्याशिवाय उत्तराला अर्थ नाही.

सांजवेळ

त्या दोघांना वेगळं कसं ओळखायचं? मला अजून जमत नाही.

कात्रण

मिशी. एकाची कडा सरळ उतरते, दुसऱ्याची टोकं खाली बाहेरच्या बाजूला वळतात. टोप्या, काठ्या, बोलणं यांवर जाऊ नका. लहान छपाईत मिशीही कळत नाही, म्हणून मोठ्या आकाराची प्रत हवी.

चौकटमोजणी

आकाराचा विषय निघालाच आहे तर सांगते. मूळ अल्बम साधारण २२ × ३० सेंटिमीटरचा असतो. तीन गोष्टी एकत्र असलेले जाड छोटे खंड सुबक दिसतात, वाचायला वाईट. अक्षरं बारीक होतात ते वेगळंच, खरा तोटा रेषेचा. एर्जेची रेघ सगळीकडे जवळपास एकाच जाडीची, सावलीच्या रेघोट्या नाहीत, रंग सपाट. अशा चित्रात खोली येते ती मागच्या वस्तू लहान पण तितक्याच स्पष्ट काढल्यामुळे. आकार घटला की मागची रेघ पुढच्या रेघेला चिकटते आणि पानभर गजबज वाटते. (या शैलीला 'स्वच्छ रेषा' हे नाव १९७७ मध्ये डच चित्रकार योस्त स्वार्ते याने दिलं, एर्जेने नव्हे.)

फोनवर चौकट-चौकट सरकवून वाचणं तर या मालिकेला सगळ्यात घातक. पट्टीतली तिसरी चौकट रुंद का, हे शेजारच्या दोन अरुंद चौकटी दिसल्याशिवाय कळत नाही. वाचायचंच असेल तर टॅबलेट उभा धरून अख्खं पान. अक्षर दिसेना तर वाढवा, वाचा, पुन्हा अख्ख्या पानावर या.

अवांतर: फुग्यांत मधेच खूप मोकळी जागा किंवा उलट कोंबाकोंबी दिसली तर दोष एर्जेचा नाही. फुगे मूळ फ्रेंच मजकुराच्या मापाचे आहेत, भाषांतर त्यात बसवलेलं आहे.

तळटीप

'द ब्लॅक आयलंड'बद्दल सविस्तर लिहितो, कारण तिन्ही आवृत्त्या समोर ठेवून अभ्यास करायला याच्यासारखा अल्बम नाही.

एक: १९३८, काळी-पांढरी. दोन: १९४३, तीच चित्रं ६२ पानांत मांडून रंगवलेली. तीन: १९६६, संपूर्ण नवी. तिसरीचं कारण ब्रिटिश प्रकाशक मेथ्यूएन. गोष्ट ब्रिटनमध्ये घडते, आणि तिथल्या वाचकाला खटकतील अशा १३१ चुकांची यादी त्यांनी एर्जेकडे धाडली. एर्जेने आपला सहकारी बॉब द मूर याला ब्रिटनला पाठवलं. त्याने प्रत्यक्ष जागांची रेखाटनं आणि टिपणं करून आणली आणि स्टुडिओने पार्श्वभूमी नव्याने काढली. विमानं रॉजे ललू याची.

तुलना करायची पद्धत: एकच प्रसंग घ्या, पहिल्या पाच-सहा पानांतला आगगाडीचा चालेल. प्रत्येक आवृत्तीतल्या चौकटींना क्रमांक द्या आणि चार गोष्टींची नोंद करा: माणसाची पोझ, कॅमेऱ्याचा कोन, मागची वस्तू, रिकामी जागा. पोझ आणि कोन बहुतेक तेच राहिलेत, मागच्या वस्तू पार बदलल्यात आणि रिकामी जागा जवळपास नाहीशी झालीय, असं तुमच्या लक्षात येईल.

माझ्या मते तिथेच तिसरी आवृत्ती फसते. माणसं अजून १९३७ मध्ये काढल्यासारखी, मूकपटातल्यागत धडपडतायत, उड्या मारतायत, आणि त्यांच्या मागे १९६० च्या दशकातलं इंजिन, रस्ते, दिवे हुबेहूब. जुन्या आवृत्तीत पांढऱ्या मोकळ्या जागेवर पडणारा माणूस विनोदी दिसायचा. तपशिलाने भरलेल्या फलाटावर तोच माणूस पडला की अपघात झाल्यासारखं वाटतं.

बिनकामाचा_बोका

तीव्र असहमत. शेवटाकडचा किल्ला आणि समुद्र तिसऱ्यात जितका दमदार आहे तितका पहिल्या दोन्हींत नाही. धडपडीपुरतं तुमचं म्हणणं ठीक, वातावरणाला लागू नाही.

तळटीप

किल्ल्याचं मान्य. तिथे धडपडही कमी आहे, म्हणून चालून जातं.

उलटसुलट

क्रमाने वाचणाऱ्यांसाठी पंधराव्यापाशी खड्डा आहे, आधीच सांगून ठेवतो. 'लँड ऑफ ब्लॅक गोल्ड' सुरू झाली १९३९ मध्ये, आणि मे १९४० मध्ये जर्मन सैन्य बेल्जियममध्ये घुसलं तेव्हा पुरवणीच बंद पडून गोष्ट अर्ध्यावर थांबली. ती पुन्हा हाती घेतली १९४८ मध्ये. मधल्या काळात कॅप्टन हॅडॉक आला (१९४१), प्रोफेसर कॅल्क्युलस आला (१९४३), हॅडॉकचा मार्लिनस्पाइकचा वाडा आला. १९३९ च्या आराखड्यात यातलं काहीच नव्हतं!

एर्जेने हॅडॉकला सुरुवातीला फोनवर उरकून सैन्यात पाठवून दिलंय. मग तो गोष्टभर गायब आणि शेवटी अचानक ऐन मोक्याला हजर. 'तुम्ही इथे कसे?' या प्रश्नाला त्याचं उत्तर सुरू होतं की हे एकाच वेळी फार सोपंही आहे आणि फार गुंतागुंतीचंही, आणि दर वेळी काहीतरी होऊन ते तुटतं. शेवटपर्यंत कळतच नाही. कथेतलं भोक बुजवण्याऐवजी त्याचाच विनोद केलाय. मला हा मालिकेतला सगळ्यात बेरकी डाव वाटतो.

याचीही आवृत्ती तपासा. १९५० च्या रंगीत अल्बममध्ये ब्रिटिश ताब्यातलं पॅलेस्टाइन आहे, हैफा बंदर आहे. १९७१ मध्ये ब्रिटिश प्रकाशकाच्या सांगण्यावरून ते सगळं काढून काल्पनिक खेमेद देश आला. आज बाजारात मिळते ती हीच. त्यामुळे 'गोष्टीत राजकारण पुसट आहे' असं म्हणण्याआधी कॉपीराइटचं पान उघडा.

सांजवेळ

'सेव्हन क्रिस्टल बॉल्स' पण अशीच तुटली होती ना?

उलटसुलट

हो. ब्रसेल्स मुक्त झालं तेव्हा, सप्टेंबर १९४४ च्या सुरुवातीला. 'ल स्वार' जर्मनांच्या ताब्यात चालत होतं, त्यामुळे तिथे काम केलेल्यांवर बंदी आली, एर्जेवरही. दोन वर्षांनी 'टिनटिन' साप्ताहिकाच्या पहिल्याच अंकात गोष्ट पुढे सुरू झाली, रंगीत आणि आडव्या जोडपानावर. पट्टीचा ताल सुटून मोठी दृश्यं कुठे सुरू होतात ते शोधा, सांधा सापडेल. ती जोडपानं उभ्या अल्बममध्ये बसवताना बरीच कापाकापी झालीय.

चौकटमोजणी

'क्रॅब'मध्ये मधेच पानभर मोठी चित्रं येतात, ती कथेसाठी आहेत असं समजून डोकं खाजवू नका. रंगीत मांडणी करताना मजकूर ६२ पानांना पुरेना, म्हणून जुन्या आवृत्तीतली पूर्ण पानाची चित्रं भर घालायला ठेवली. ताल मोजताना ती वगळा.

पण त्याच अल्बममधली एक चौकट मात्र दहा मिनिटं बघण्यासारखी आहे. वाळवंटात हॅडॉक संतापून धावत सुटतो आणि टेकाडाआडचे हल्लेखोर पळ काढतात. एक जण अजून पालथा, दुसरा अर्धवट उठलेला, तिसरा उभा राहतोय, चौथा पळतोय. चौघं वेगळे आहेत, पण डावीकडून उजवीकडे नजर नेली की एकाच माणसाची उठून पळण्याची हालचाल वाटते. एर्जेने मुलाखतीत स्वतःच्या आवडत्या चित्रांत ही चौकट गणली होती. दुसरी 'रेड रॅकहॅम'मधली, नावेतून बेटावर उतरतानाची. हॅडॉक किनाऱ्यावर पुढे, बाकीचे त्याच्यामागे उतरण्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांत.

सराव म्हणून या दोन्ही चौकटी आरशात उलट्या करून बघा. हालचाल उलटी चालत नाही, ती मोडतेच. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो हे त्याने गृहीत धरलंय.

तळटीप

रहस्यभेदाचा इशारा! 'कास्टाफिओरे एमरल्ड' न वाचलेल्यांनी हा प्रतिसाद सोडून पुढे जा.

१९६३ चा हा अल्बम बारकाईने वाचायला सर्वांत कठीण, कारण यात काही घडतच नाही. सगळी गोष्ट वाडा आणि त्याच्या आसपास, खलनायक नाही, प्रवास नाही. बहुतेक वाचक 'कंटाळवाणा' म्हणून बाजूला ठेवतात. माझ्या लेखी हा सगळ्यांत घट्ट विणलेला.

वाचायची पद्धत: कागदावर सहा रकाने. मोडकी पायरी, टेलिफोन, रेडिओ-टीव्ही-वर्तमानपत्र, पियानो, पक्षी, जिप्सींचा तळ. प्रत्येक पानावर जे येईल त्या रकान्यात खूण. पायरीच्या रकान्यात कोण घसरलं ते नावानिशी लिहा, आणि शेवटी कोण एकदाही घसरलं नाही ते बघा. टेलिफोनच्या रकान्यात चुकीचे लागलेले फोन (खाटकाला केलेले हॅडॉककडे येतात ते) आणि खरा निरोप पोचलेले फोन वेगळे धरा. पियानोवर सारखे सूर घोटल्याचे आवाज येतात तिथे थांबा. वादक वाग्नर टेपरेकॉर्डर लावून बाहेर सटकलेला असतो, म्हणजे आवाज हा पुरावा धरायचा नाही. शेजारच्याच रकान्यात वर्तमानपत्राने छापलेलं हॅडॉकचं खोटं लग्न आहे, म्हणजे छापील मजकूरही पुरावा नाही. रकाने भरत गेले की दिसतं, या अल्बममध्ये क्वचितच एखादा निरोप धड पोचतो.

आणि गायिका कास्टाफिओरेचा पाचू पळवणारा चोर? मॅगपाय हा पक्षी. तो पहिल्याच पानावर, रानातल्या चित्रात, उघड काढलेला आहे. शिवाय शेवटाकडे टिनटिनला सुचतं ते कास्टाफिओरे ज्या ऑपेरात गाणार आहे त्याच्या नावावरून: रोस्सिनीचा 'ला गात्सा लाद्रा', म्हणजे चोरटी मॅगपाय. लेखकाने काहीही लपवलेलं नाही. आपणच पहिल्या पानावर पक्ष्याला देखावा समजून पुढे जातो आणि मग थॉमसन-थॉम्पसन जिप्सींवर संशय घेतात.

बिनकामाचा_बोका

हे वाचून अल्बम पुन्हा काढला. रकान्यांची कल्पना झकास. 'कंटाळवाणा' हा शब्द मागे घेतो, 'संथ' म्हणतो.

सांजवेळ

'काँगो'वर चर्चा टाळणार का? आणि 'शूटिंग स्टार'वर?

उलटसुलट

टाळू नये. 'काँगो'तली आफ्रिकी माणसं त्या काळच्या वसाहतवादी नजरेने, हास्यास्पद करून काढली आहेत, आणि 'काळच तसा होता' एवढ्यावर ते सुटत नाही. पण इथेही आवृत्त्या समोर ठेवा. मूळ गोष्टीत टिनटिन वर्गात मुलांना 'तुमचा देश बेल्जियम' शिकवतो. १९४६ मध्ये तिथे गणिताचा तास आला. म्हणजे वसाहत झाकली, चित्रण तेच ठेवलं. काय बदललं यापेक्षा काय बदलावंसं वाटलं नाही, ते जास्त बोलतं.

'शूटिंग स्टार' ताब्यातल्या वर्तमानपत्रात आलेली गोष्ट. प्रतिस्पर्धी मोहीम मुळात अमेरिकेची होती आणि तिच्यामागचा पैसेवाला, ज्यू नावाचा ब्लुमेनस्टाइन. युद्धानंतर देश झाला काल्पनिक साओ रिको आणि माणूस बोलविंकेल. चेहरा मात्र तोच राहिला. वर्तमानपत्रात ज्यूंची टवाळी करणारी एक चौकट होती, ती अल्बममध्ये घेतली नाही. या गोष्टी माहीत असून मग चित्रकलेचं कौतुक करा, हरकत नाही.

रेघोटी

तर ठरवूया. पहिले दोन आठवडे 'सिगार्स', मग दोन आठवडे 'लोटस', दर आठवड्याला ३१ पानं. पान १ ते ३१ चालू असताना पुढचं बोलायचं असेल तर वर इशारा द्या.

'लोटस'साठी एक जादा काम. गोष्ट १९३४-३५ मधली. ब्रसेल्सच्या कलाशाळेतला चिनी विद्यार्थी चांग चोंग-जेन याने एर्जेला मदत केली आणि रस्त्यावरच्या पाट्या, भिंतीवरचे फलक स्वतः लिहिले. ती सजावट नाही, खरी चिनी वाक्यं आहेत: जपानी मालावर बहिष्कार घाला, साम्राज्यवाद मुर्दाबाद, असली. फ्रेंच वाचकाला त्यातलं काही कळणार नव्हतं. कोणत्या चौकटीत फलक आहे आणि त्याच वेळी पुढे काय चाललंय, याची जोडयादी करा. रेल्वेमार्गावरचा स्फोट येईल तिथे १८ सप्टेंबर १९३१ ची मुकदेनची घटना (चीनवर चढाईला निमित्त म्हणून जपानी सैन्याने स्वतःच घडवलेला रेल्वेमार्गावरचा स्फोट) शेजारी ठेवा. नंतर रेडिओवरून ती बातमी कशी फुगत जाते ते चौकटी मोजून लिहा.

सांजवेळ

पानं मोजायची ती मुखपृष्ठापासून की शीर्षकाच्या पानापासून?

चौकटमोजणी

दोन्ही नाही. चित्रकथेच्या पानाखाली छापलेला आकडा धरा, तो १ ते ६२ असतो. तीन-एकत्र खंडात सलग आकडे असतील तर कोणत्या गोष्टीचं कितवं पान ते स्वतः मोजून लिहा. चौकट सांगताना पान-पट्टी-चौकट असा क्रम ठेवा, म्हणजे १२-३-२.